मुऐदरच्या पाळणावाल्या

आमच्या दोह्याच्या घरात शिरलं की उजव्या हाताला एक लोखंडी कपाट होतं, आणि त्यात घरातल्या कुणाचेच कपडे नसत. वरच्या खणात मलमलची झबली, टोपडी, दुपटी. मधल्या खणात दुधाच्या बाटल्या, डिंक, अळीव, बाळंतशेपा. खाली कुणीतरी वापरून, धुऊन परत आणून दिलेल्या छोट्या गाद्या. कपाट उघडलं की पावडरीचा वास यायचा आणि पलीकडच्या स्वयंपाकघरातून आईच्या बाटलीतल्या मसाल्याचा. हे दोन वास एकमेकांत मिसळले की अजूनही मला आधी ते घर आठवतं. खिडकीतला एसी दिवसभर घुमत असायचा, त्यामुळे आम्ही सगळेच जरा मोठ्यानं बोलायचो. पुढे वसईला कायमचे परतलो तरी ती सवय सुटली नाही. नव्या शेजारणीला पहिले काही महिने वाटत होतं की आमच्याकडे रोज भांडण चाललेलं असतं.

आई हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात नर्स होती आणि पप्पा एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचे. मी वसईला मामाकडे राहून बारावी झाले आणि मग आईबापांकडे आले. सकाळी एका ऑफिसात टायपिंग करायचे, दुपारी मोकळी. तिसऱ्या खेपेला का होईना, मला गाडी चालवायचं लायसन्स मिळालं, आणि ऑफिसच्या बसनं जाणाऱ्या पप्पांची जुनी पांढरी गाडी दुपारनंतर माझी झाली. एकोणीस वर्षांच्या मुलीला याहून काय हवं असतं? पाव संपला, मी जाते. कुणाला डॉक्टरकडे सोडायचंय, मी सोडते. समुद्राच्या कडेच्या रस्त्याला उगाच एक फेरी मारून यायची आणि घरी सांगायचं की गर्दी होती.

तेव्हा दोह्यात आमचं चर्च नव्हतं, उघड प्रार्थनेला परवानगीही नव्हती. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये मिस्सा व्हायची. पडदे ओढलेले असायचे आणि चपलांचा ढीग बाहेर दिसू नये म्हणून सगळ्यांच्या चपला आत घेतलेल्या असायच्या. गाणी अगदी हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजल्यासारखी म्हणायची. मिस्सा झाली की चहा. पुरुष कंपन्यांच्या आणि सुट्ट्यांच्या गप्पा करायचे आणि बायका स्वयंपाकघरात जमायच्या. तिथेच एका शुक्रवारी आमच्यातलीच एक तरुण बाई चहाचे कप विसळता विसळता रडायला लागली. पहिलं मूल अजून पायावर उभं राहत नव्हतं, तेवढ्यात पुन्हा दिवस गेले होते. नवरा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, महिन्यातून थोडे दिवस घरी. तिनं मुंबईचं तिकीट काढलं होतं, तिकडे जाऊन गर्भ पाडून मोकळी होणार होती. आईनं तिच्या हातातला कप काढून घेतला आणि विचारलं, "तुला काय हवंय? खरं सांग." ती म्हणाली, "मला झोप हवीय, सिस्टर. मला फक्त झोप हवीय."

मग आई आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या ब्रिजितमावशी, दोघींनी आळीपाळीनं तिचं पोर आमच्याकडे आणलं. ती झोपली. पोटभर जेवली, पुन्हा झोपली. पुढच्या शुक्रवारी तिनं तिकीट रद्द केल्याचं सांगितलं. ते दुसरं मूल मी कडेवर खेळवलंय. आमचं काम सुरू झालं ते असं. त्याला ना नाव होतं ना अध्यक्ष. नंतर आमच्यात आलेल्या लीनामावशी तोंडानं फटकळ आणि श्रद्धेनं कडक होत्या. त्यांना वाटायचं, अशा बायकांना आधी चार शब्द सुनवावेत. "पापाबद्दल बोलायला नको का आपण?" असं त्यांनी एकदा विचारलं. आई भाकरीचं पीठ मळत होती. ती म्हणाली, "पापाचं फादर बघतील, लीना. आपण भाकऱ्या बघू."

माझी नात आता डॉक्टरकी शिकते. या विषयावर ती माझ्याशी वाद घालते, तोही इंग्रजीत. मी मराठीत उत्तर देते आणि आमचं छान चालतं. ती म्हणते, आजी, प्रत्येक बाईची गोष्ट वेगळी असते, तुम्ही सगळ्यांसाठी एकच उत्तर धरून बसू शकत नाही. मी तिचं ऐकते. पोटातल्या जिवाबद्दलचं माझं मत काही बदललेलं नाही, आणि मी ते लपवतही नाही. पण आईनं कधी कुणाला हाताला धरून ओढलं नाही, एवढं मी तिला सांगते. वाटेतला दगड उचलायचा, चालायचं ते त्या बाईनं, असं आईचं होतं. ज्या तरीही गेल्या, त्यांच्याकडेही परत आल्यावर आई डबा घेऊन जायची.

पण मला सांगायचंय ते सुशीलाचं.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती, दोह्यातला सगळ्यात सुंदर काळ. मी ब्रिजितमावशींना सूक वाकिफच्या बाजारात घेऊन गेले होते. झबल्यांसाठी मलमल संपली होती. कापडाच्या गल्लीतून मसाल्याच्या गल्लीत वळलं की वाळवलेल्या काळ्या लिंबांचा आणि वेलदोड्याचा वास नाकात भरायचा, पोत्यांच्या रांगांमधून वाट काढावी लागायची. ब्रिजितमावशी म्हणजे धिप्पाड बाई, आवाज असा की भावच आपोआप खाली यायचे. दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांचं हिंदीत घासाघीस करणं रंगात आलं होतं, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आगं बया, गरगरतंय मला."

मावशींचा हात कापडावर तसाच राहिला. भर सूकमध्ये अशी गावाकडची मराठी बाईच्या तोंडून ऐकू येणं म्हणजे तेव्हा नवलच. मराठी पुरुष पुष्कळ होते, गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर. पण ते एकटे असायचे. आम्ही वळून पाहिलं. हिरव्या लुगड्यातली एक बाई लिंबांच्या पोत्यावर बसली होती, अंगावर काळी शाल, चेहरा पिवळा पडलेला. तिच्यासमोर तिचा नवरा पाण्याची बाटली धरून उभा होता आणि इकडेतिकडे बघत होता.

"कुठल्या गं तुम्ही?" मावशींनी विचारलं.

"कोरेगावकडच्या," ती म्हणाली आणि मावशींकडे अशी बघत राहिली, जणू त्या तिच्या माहेरून आल्या होत्या.

"कितवा लागलाय?"

"तसं काय न्हाई, ताई," नवरा घाईघाईनं म्हणाला. "पित्त झालंय तिला."

"तिसरा सरला," ती खाली बघून म्हणाली.

मलमल तिथंच राहिली. मावशींनी त्या दोघांना गाडीत बसवलं आणि आम्ही सरळ घरी आलो. तो सारखा म्हणत होता की मालकाची गाडी मागे लावलीय, उशीर होईल, आणि मावशी सारख्या म्हणत होत्या, "चहाला किती वेळ लागतो?" नवऱ्याचं नाव तुकाराम. दोह्याबाहेरच्या मुऐदरला एका कतरी घरात तो ड्रायव्हर आणि सुशीला स्वयंपाकाला. घराला जोडपंच हवं होतं, म्हणून दोघांना एकत्र आणलं होतं, आणि एक गेलं तर दुसऱ्यालाही जावं लागणार. आम्ही समजलो, एवढीच अडचण असणार. नोकरीची. पण तुकारामनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मग आईकडे बघून म्हणाला, "सिस्टर, आदीचं पोर हिच्या पोटातच गेलं. सातव्यात. हिला रगात चढवलं, चढवलंच. डाक्टर म्हनला, बाई वाचली ह्ये नशीब समजा. मी दवाखान्याच्या भाईर बसलो हुतो. पुन्यांदा मला तसं बसायचं न्हाई. हिला गावी पाठवतो, तितं मोकळी हुईल. मला पोर नगं. मला ही पायजे."

मी आत खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. बाईला नको असलेलं मूल, पुरुषाला नको असलेलं मूल, हे मी त्या घरात ऐकलं होतं. पण बायकोवरच्या मायेपोटी कुणी मूल नको म्हणतंय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. लीनामावशी तेव्हा तिथे नव्हत्या ते बरंच झालं.

आई सुशीलाकडे वळली. "आणि तुला?"

सुशीलानं पदर तोंडावरून काढला. "मला बी मी पायजे, सिस्टर," ती म्हणाली. "पर ह्ये बी पायजे."

त्यानंतरच्या दिवसांचा उत्साह मी काय सांगू. आमच्या घराचं जणू कार्यालय झालं. आईनं तिला आपल्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी सगळं तपासून सांगितलं की हिचा रक्तदाब वाढतो, मागच्या वेळी कुणी तो पाहिलाच नसणार. औषध नीट घेतलं, दर आठवड्याला तपासलं, आणि पाचव्या महिन्यानंतर जड काम बंद करून पाय वर घेऊन बसली, तर जमेल. तुकारामनं "जमेल" हा शब्द आईकडून तीनतीनदा वदवून घेतला. मग तो हसायला लागला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "पाय वर घिऊन? त्या घरात? सिस्टर, फुडं रमजान येतोय."

"मग आपण तुमच्या मालकीणबाईंना भेटू," आई म्हणाली.

आई, ब्रिजितमावशी आणि मी अशा तिघी मुऐदरला गेलो. तेव्हा तिकडे आजच्यासारखी दाटी नव्हती. मोठमोठी घरं एकमेकांपासून लांब, मध्ये मोकळी वाळू, आणि डांबरी रस्ता जिथे संपायचा तिथून पुढे चाकांच्या खुणांवरून जायचं. घराच्या मालकीणबाईंना सगळे उम्म राशिद म्हणायचे, म्हणजे राशिदची आई. उंच, सावळ्या, बोलायला तुटक. त्यांनी आम्हाला बायकांच्या दिवाणखान्यात गालिच्यावर बसवलं, खजूर पुढे ठेवले, छोट्या पेल्यांत गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. आईचं अरबी म्हणजे प्रसूतीच्या खोलीतलं अरबी. श्वास घे, जोर लाव, घाबरू नकोस, झालं, मुलगी. तेवढ्या भांडवलावर ती एका घरंदाज बाईशी वाटाघाटी करायला बसली होती.

उम्म राशिदनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. रमजानात त्यांच्याकडे रोज इफ्तारला माणसं असायची. बसून राहणारी स्वयंपाकीण घेऊन त्या काय करणार? बाईनं घरी जावं, दुसरं जोडपं येईल, खलास.

"काम आमच्या बायका करतील," आई म्हणाली. "रोज दुपारी दोघी येतील. ही बसून सांगेल, आम्ही करू."

"तू? तू तर नर्स आहेस. तू माझी भांडी घासणार?"

"घासेन."

"ही तुझी कोण? बहीण?"

"नाही."

"तुमच्या धर्माची आहे?"

"नाही."

"मग?"

आईचं अरबी तिथे संपलं. तिनं दोन्ही हात एकमेकांवर ठेवून छातीशी धरले आणि पाळण्यासारखे हलवले. ब्रिजितमावशींनी मान खाली घातली. मला वाटतं त्यांना हसू येत होतं, किंवा रडू. उम्म राशिद आईच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेला पुन्हा भरला आणि म्हणाल्या, "इफ्तारचा हरीस बिघडला तर बघा." आणि मग, "इन्शाल्ला."

घरी येईपर्यंत आमचा वाद चालला होता की हे हो झालं की नाही झालं. पप्पांना विचारलं. ते नकाशावरून मान वर न करता म्हणाले, "इन्शाल्ला म्हणजे दोन्ही. तुम्ही जायला लागा, म्हणजे हो होईल."

आम्ही जायला लागलो. ब्रिजितमावशींनी आमच्या शुक्रवारच्या मंडळीतून बायका जमवल्या. नोकरी करणाऱ्या, न करणाऱ्या, एक गोव्याची, एक मंगळूरची, बाकी आमच्या वसईच्या. ड्रायव्हर मी. दुपारी ऊन असं की स्टिअरिंगला फडकं गुंडाळावं लागायचं, आणि गाडीत मागे तिघीतिघी दाटीवाटीनं बसून सहलीला निघाल्यासारख्या गप्पा करायच्या. पहिल्या दिवशी सुशीलानं आम्हाला अंगणापलीकडच्या स्वयंपाकघराच्या दारात पाहिलं आणि आतल्या झाडलोटीच्या पोरींना हाक मारून सांगितलं, "आल्या बघा माझ्या पाळणावाल्या." तेच आमचं नाव पडलं. पुढे दोह्यात मराठी माणसं आम्हाला त्याच नावानं ओळखायची, आणि मराठी न येणारी माणसंही 'पालनावाला लेडीज' म्हणायची.

सुशीला कोपऱ्यात चटईवर पाय उशीवर घेऊन बसायची आणि तिथून राज्य करायची. सुरुवातीला तिला फार लाज वाटायची, सारखी उठायला बघायची. मग ब्रिजितमावशींनी तिला दटावलं की तू उठलीस तर मी बसेन, आणि मी बसले तर मला उठवायला चारजण लागतात. हरीसचे गहू आणि मटण तासन्‌तास शिजवून घोटायचे, ते काम मावशींच्या दंडांचं. डाळ वाटणं, भाज्या चिरणं आमचं. आणि लुकैमात, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल तळून खजुराच्या पाकात टाकायचे, ते लीनामावशींनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. "हे तर आपले फुगे," त्या म्हणाल्या. लग्नाचे फुगे तळण्यात त्यांचा हात धरणारं वसईत कुणी नव्हतं. मुठीतून पीठ असं निसटायचं की गोळी तेलात पडायच्या आधीच गोल झालेली असायची. घरात रोजे चाललेले, त्यामुळे आम्हीही तिथे पाण्याचा घोट घेत नव्हतो आणि काही चाखतही नव्हतो. मीठ वासावरून ओळखायला मी तिथे शिकले. दुसऱ्या आठवड्यात राशिद स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला की आई विचारतेय, काल ज्यांनी लुकैमात केले त्या आज आल्यात का. लीनामावशींनी त्या दिवशी घरी जाताना गाडीत पुढची सीट मागितली.

पापाबद्दल त्या आता काही बोलत नव्हत्या. सुशीलाच्या पायांना तेल लावताना त्यांना मी पाहिलंय.

मग तो दिवस आला. उम्म राशिदकडे त्यांच्या भावांची कुटुंबं इफ्तारला येणार होती, मोठं जेवण. ब्रिजितमावशी, लीनामावशी आणि मी लवकर गेलो होतो. तुकाराम सकाळीच मालकांना घेऊन पार उत्तरेला मदिनत अश शमालला गेला होता, त्यांच्या म्हाताऱ्या आत्याला जेवायला घेऊन यायला. सुशीलाला आठवा सरत आलेला. दुपार कलली, पातेली उतरायला लागली, आणि सुशीला भिंतीला धरून उभी राहिली. "मावशी," ती म्हणाली, "पायाखाली वलं झालं."

ब्रिजितमावशींनी चटईकडे पाहिलं. रक्त होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गाडीच्या किल्ल्या घेतल्या. फोन करून अँब्युलन्सची वाट बघत बसायची वेळ नव्हती. त्या आडवळणाला पत्ता सांगण्यातच अर्धा तास गेला असता. मावशी तिला धरून बाहेर आणत होत्या तोच उम्म राशिद अंगणात आल्या. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. आत गेल्या, काळा पायघोळ अबाया घालूनच बाहेर आल्या आणि गाडीचं मागचं दार उघडून बसल्या.

"मी बसते हिच्याजवळ," ब्रिजितमावशी म्हणाल्या.

"माझ्या घरात राहते ती," उम्म राशिद म्हणाल्या. हे त्या हिंदीत म्हणाल्या. त्यांना हिंदी येतं हे आम्हाला इतक्या दिवसांत माहीत नव्हतं. "मी जाणार. तुम्ही माझे पाहुणे बघा."

आणि सुशीलाचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी मला सांगितलं, "यल्ला, चलो."

मी आयुष्यात पुष्कळ गाडी चालवली. तशी कधी चालवली नाही. इफ्तारच्या आधीचे रस्ते रिकामे असतात. सगळी माणसं घरात, ताटांपुढे बसून रोजा सोडायच्या तोफेची वाट बघत असतात. मला लवकर डांबरी रस्त्याला लागायचं होतं, म्हणून मी नेहमीची वाट सोडून वाळूतून आडवी गाडी घातली. अर्ध्या वाटेवर मागचं चाक बसलं. मी गॅस दिला, ते आणखी खोल गेलं. मागे सुशीला कण्हत होती, "पोरी, थांबू नगंस, थांबू नगंस." उम्म राशिदनी तिचं डोकं सीटवर अलगद ठेवलं आणि त्या खाली उतरल्या. थोड्या अंतरावर एका अर्धवट बांधलेल्या घराच्या सावलीत कामगार वर्तमानपत्र पसरून, पुढ्यात खजूर आणि पाणी ठेवून बसले होते. ती उंच काळी आकृती वाळूतून त्यांच्याकडे चालत गेली आणि काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण ती सगळी माणसं एकदम उठली.

ते धावत आले. एकानं पुठ्ठे आणले, एकानं फळी. चाकाखालची वाळू हातांनी उपसली. त्यांच्यात पठाण होते, बिहारचे होते, एकजण मला "ताई, क्लच हळू सोडा" असं मराठीत म्हणाला आणि कोण ते बघायला मला वेळ नव्हता. तेवढ्यात लांबून तोफेचा आवाज आला. दिवसभराच्या उन्हातला उपास सुटायची ती घटका. कुणीही गाडीवरचा हात काढला नाही. एका म्हाताऱ्या पठाणानं फक्त एका हातानं खिशातून खजूर काढला आणि उम्म राशिदपुढे धरला. त्यांनी तो घेतला, वाळूत उभ्या राहून तोंडात टाकला, आणि मग त्याही इतरांबरोबर गाडीला खांदा लावून उभ्या राहिल्या. गाडी बाहेर आली, उम्म राशिद आत बसल्या. आभाराचं "शुक्रन" म्हणायलाही मी थांबले नाही. आरशात त्या माणसांचे वर केलेले हात तेवढे दिसले.

हॉस्पिटलच्या दारात आई उभी होती. ब्रिजितमावशींनी मुऐदरच्या घरून फोन केला होता. सुशीलाला स्ट्रेचरवर घेतलं आणि आईचं ते अरबी, मराठी, इंग्रजी सगळं एकत्र सुरू झालं. मग दार लागलं. बाहेरच्या बाकावर उम्म राशिद आणि मी. त्यांच्या अबायाला वाळू आणि रक्त. त्यांनी मला विचारलं, तुला लग्न करायचंय का. मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, सात मुलं झाली मला, त्यातली दोन देवाकडे. आणि मग त्या बोटांतली माळ ओढायला लागल्या.

तुकाराम आला तेव्हा आतून अजून काही कळलं नव्हतं. तो शमालहून परतल्यावर त्याला घरी कळलं, आणि मालकांनीच त्याला गाडी देऊन पिटाळलं होतं. तो बाकावर बसला नाही. "बसत न्हाई," एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मला त्याचं ते पूर्वीचं बोलणं आठवत होतं आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. उम्म राशिदही उठून उभ्या राहिल्या. मग मीही.

दार उघडून आई बाहेर आली. तिनं आधी तुकारामला पाहिलं आणि त्याचंच उत्तर आधी दिलं. "सुशीला बरी आहे," ती म्हणाली. "बोलतेय. पाणी मागितलं तिनं." तुकाराम भिंतीवरून घसरत खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला. त्याला पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही. उम्म राशिदनी विचारलं. आई हसली आणि तिच्या प्रसूतीच्या अरबीतला शेवटचा शब्द वापरला. मुलगी.

बारकी होती, काचेच्या पेटीत ठेवावी लागली, आणि आईनं सुट्टी असतानाही रोज जाऊन पाहिली. पण ती जोरात रडायची. मुऐदरच्या घरी फोन केला तेव्हा ब्रिजितमावशी म्हणाल्या की पाहुणे जेवले, हरीस दोनदा मागून घेतला. आणि मग फोनवर नुसता रडण्याचा आवाज. ते लीनामावशींचं रडणं होतं.

ईद झाली, पोर पेटीतून बाहेर आली, अंगानं भरली. उम्म राशिदनी दोघांपैकी कुणालाही परत पाठवलं नाही. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण एका शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये मिस्सा संपून चहा चालू असताना बाहेर एक मोठी गाडी येऊन थांबली. सगळ्यांनी कप खाली ठेवले. पडद्याच्या फटीतून बघत पप्पांनी मला खूण केली, मी दार उघडलं. तुकाराम स्टिअरिंगवर होता. मागच्या सीटवर उम्म राशिद. आणि त्यांच्या शेजारी, मांडीवर पोरगी घेऊन, सुशीला.

"शमालला बाईसाहेबांच्या भावाकडं एक पोरगी कामाला हाय, केरळची," सुशीला खिडकीतून म्हणाली. "तिचंबी माझ्यावानीच झालंय. सारखी रडतीया म्हनं. आमी निगालोय, पर तिची भाषा आमाला येत न्हाई. सिस्टरना म्हनावं, वॉर्डातली कोन मल्याळी नर्स असंल तर संगं घ्या. आन्‌ चला."

मी आत वळले. आई मागेच उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. नर्सला घ्यायला वाटेत हॉस्पिटलवरून जाऊ म्हणत ती चपला शोधायला लागली होती. ब्रिजितमावशी तिघींना बाजूला सारत मला म्हणाल्या की त्या गाडीत मी मावणार नाही, जसिंता, तू आपली गाडी काढ. लीनामावशी विचारत होत्या, तिथे तेल असेल की घेऊन जायचं. मी पायऱ्या उतरून धावले, त्या मोठ्या गाडीच्या मागे गाडी लावली, आणि शमालचा रस्ता मला माहीत नाही हे कुणालाही न सांगता तुकारामच्या मागोमाग निघाले.